तळाचा आकडा: प्रस्तावना

लासलगावच्या कांद्याचा भाव रोज तीन आकड्यांत सांगितला जातो: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. वर्तमानपत्रातल्या बाजारभावाच्या चौकटीत, कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर, शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच तीन आकडे फिरत असतात. पारावर गप्पा होतात त्या कमाल दराच्या. आपला माल कितीला जाईल याचा अंदाज बांधायचा तर माणूस सर्वसाधारण दर बघतो. किमान दर मात्र छापला जातो, वाचला जातो आणि मागे पडतो. ही पुस्तिका त्या मागे पडणाऱ्या आकड्याची आहे. एक्सेल, गूगल शीट्स, लिब्रेऑफिस कॅल्क, काहीही वापरा. रकान्यातला सर्वांत लहान आकडा शोधून देणारे ‘मिन’ नावाचे फंक्शन त्यात असतेच. ते काय बघते, काय बघत नाही आणि त्याने दिलेल्या उत्तराचे पुढे काय करायचे, एवढाच हिचा विषय.

एका फंक्शनसाठी अख्खी पुस्तिका कशाला, हा प्रश्न रास्त आहे. सूत्र लिहायला काही सेकंद पुरतात. ए रकान्यात तारीख, बी मध्ये आवक, सी मध्ये किमान दर, डी मध्ये कमाल आणि ई मध्ये सर्वसाधारण दर अशी महिन्याची शीट असेल, पहिल्या ओळीत शीर्षके आणि खाली ३१ दिवस असतील, तर खालच्या एखाद्या रिकाम्या सेलमध्ये =मिन(सी२:सी३२) लिहून एंटर दाबले की महिन्यातला सर्वांत कमी दर समोर येतो. तेवढेही लिहायचे नसेल तर होम टॅबवर ऑटोसमच्या शेजारच्या बाणाखाली मिन आहेच. नुसते बघायचे असेल तर आकडे निवडून एक्सेलच्या तळपट्टीवर राइट क्लिक करावे आणि किमानाच्या पर्यायावर खूण करावी; मग सूत्राशिवायही तो आकडा तिथे दिसत राहतो. या पुस्तिकेत सूत्रे देवनागरीत छापली आहेत, म्हणजे वाचताना अडखळायला होणार नाही. संगणकावर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची.

इथपर्यंतची माहिती कोणीही कोणालाही उभ्या उभ्या सांगू शकतो. खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते का, हे समजायला मिन आणि सरासरी शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. सरासरीत रकान्यातला प्रत्येक आकडा थोडा थोडा उतरतो. त्यामुळे ती कुणा एकाची नसते; ३१ दिवसांची सरासरी १,६४७ रुपये आली तरी त्या महिन्यात एकाही दिवशी १,६४७ हा भाव निघालेला नसू शकतो. किमान आकडा मात्र रकान्यातल्या कोणत्या तरी एका सेलमधून जसाच्या तसा उचललेला असतो. त्या सेलला तारीख असते, त्या तारखेला बाजार असतो, त्या बाजारात एक ट्रॉली असते आणि ट्रॉलीशेजारी तिचा मालक उभा असतो. म्हणून किमान आकड्याकडे परत जाता येते, त्याला जाब विचारता येतो. पण याच कारणाने तो कच्चाही असतो. सगळा भार एकाच नोंदीवर, आणि ती नोंद चुकली की उत्तर पूर्ण चुकले.

ही सोय तशी जुनी आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना डॅन ब्रिकलिन यांना १९७८ मध्ये कल्पना सुचली, की फळ्यावरच्या तक्त्यातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे सगळे आकडे आपोआप बदलावेत. बॉब फ्रँकस्टन यांनी त्याचा प्रोग्राम लिहिला आणि १९७९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी व्हिझिकॅल्क बाजारात आले. त्यात ६३ रकाने आणि २५४ ओळी होत्या, आणि त्या एवढ्याशा जागेतही बेरीज, सरासरी यांच्या जोडीला किमान व कमाल शोधणारी फंक्शने होती. पुढे १९८३ मध्ये लोटस वन-टू-थ्री आले. एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी आणि १९८७ मध्ये विंडोजसाठी आले. एक्सेलच्या २००७ च्या आवृत्तीपासून एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. एवढ्या काळात शीटचे रूप पार बदलले. मिनचे काम तेच राहिले.

ते हे काम करते कसे, हे शाळेतल्या मुलालाही समजेल. पहिला आकडा हातात धरायचा. पुढचा त्याहून लहान असेल तर हातातला टाकून तो धरायचा, नसेल तर पुढे जायचे. रकाना संपला की हातात उरतो तो सर्वांत लहान. ३१ दिवसांसाठी ३० तुलना लागतात आणि याहून कमी तुलनांत हे काम होऊच शकत नाही. कारण साधे आहे. सर्वांत लहान नसलेल्या ३० आकड्यांपैकी प्रत्येकाला कुठे ना कुठे, कोणाशी तरी तुलनेत हरावेच लागते; आणि एका तुलनेत एकच हरतो. गणितातली इतकी नितळ सिद्धता क्वचितच सापडते, म्हणून ती पहिल्याच प्रकरणात घेतली आहे.

याच युक्तीवर चालणारे एक उपकरण संगणकाच्या कितीतरी आधीपासून वेधशाळांत आहे. रात्रीचे सर्वांत कमी तापमान मोजणाऱ्या किमान तापमापकात अल्कोहोल असते आणि त्यात एक बारीक दर्शक तरंगत असतो. थंडी वाढली, अल्कोहोल आक्रसले की त्याचा पृष्ठभाग दर्शकाला आपल्याबरोबर मागे ओढून नेतो. सकाळी ऊन पडून अल्कोहोल पुन्हा पुढे सरकते तेव्हा ते दर्शकाच्या बाजूने निघून जाते. दर्शक जिथे पोहोचला होता तिथेच थांबतो. निरीक्षक सकाळी येऊन त्याची जागा वाचतो आणि दुसऱ्या दिवसासाठी तो पुन्हा जुळवून ठेवतो. रात्रभर जागायची गरज नाही.

निफाड तालुक्यात या आकड्याला फार किंमत आहे. कांद्याचे लासलगाव याच तालुक्यातले आणि द्राक्षबागाही याच तालुक्यातल्या. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेले किमान तापमान हिवाळ्यात राज्यभर बातमीत येते. पारा चार-पाच अंशांवर आला की बागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सुरू करतात, कारण एवढ्या थंडीत तयार होत आलेले मणी तडकतात. दिवसभराचे सरासरी तापमान त्याला काहीच सांगत नाही. दुपारी २८ अंश आणि पहाटे ४ अंश यांची सरासरी १६ येते. १६ अंशांत कुठल्याच मण्याला काही होत नाही. नुकसान करतो तो पहाटेचा आकडा. पीक जगेल की नाही, पूल पाण्यावर राहील की नाही, उन्हाळ्यात विहीर कुठवर जाईल, हे ठरवायला सरासरी चालत नाही, टोक पाहावे लागते. मिनचे मोल मला सर्वांत जास्त इथेच वाटते.

तापमानाच्या उदाहरणातून मिनचा आणखी एक गुण दिसतो. रोजच्या किमान तापमानांचा रकाना घेऊन त्यावर मिन लावले तर महिन्याचे किमान मिळते. बारा महिन्यांच्या किमानांवर पुन्हा मिन लावले तर वर्षाचे मिळते. तुकडे कसेही पाडा, किमानांचे किमान नेहमी बरोबर येते. सरासरीला हे जमत नाही. एका बाजारात १५,००० क्विंटल आवक आणि दुसऱ्यात ४०० क्विंटल असताना दोन्हींच्या सर्वसाधारण दरांची सरासरी काढली तर तो आकडा कशाचाच राहत नाही, तरी अहवालांत तो सर्रास काढलेला दिसतो. तालुक्यातल्या पाच बाजारांच्या पाच वेगळ्या फायली असतील तर किमान दरासाठी त्या एकत्र करण्याचीसुद्धा गरज नाही. पाचांचे पाच किमान घ्या आणि त्यांचे किमान काढा.

आता पुन्हा कांद्याकडे. सकाळी बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पिकअप रांगेत लागलेल्या असतात. व्यापारी आणि समितीची माणसे एकेका वाहनापाशी येतात, कोणी वरचे चार कांदे उचलून दाबून बघतो, कोणी हात आत घालून खालचा माल काढतो, बोली चढते, भाव पुकारला जातो, पावती फाटते आणि घोळका पुढच्या वाहनाकडे सरकतो. मग काटा, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली. एकसारखा गोल, पत्ती टिकलेला उन्हाळ कांदा एका भावाने जातो. गोल्टी, म्हणजे आकाराने बारीक कांदा, त्याच्या बऱ्याच खाली. खाद, कोंब फुटलेला, पत्ती सुटलेला माल आणखी खाली. त्या दिवसाचा किमान दर बहुतेक वेळा या शेवटच्या गटातून येतो. समजा एका दिवशी १५,००० क्विंटल आवक झाली आणि किमान दर ४०० रुपये छापून आला. तो ४०० हा एखाद्या आठ क्विंटलच्या पिकअपचा असू शकतो. तक्त्यात एकूण आवक असते. किमान दराने किती माल गेला हे त्यात नसते.

म्हणून ‘कांदा ४०० रुपयांवर’ असा मथळा देणारा बातमीदार आणि ‘तो तर खादचा भाव, त्याकडे बघायचेच नाही’ असे म्हणणारा अधिकारी, दोघांनीही घाई केलेली असते. एका दिवसाच्या किमान दरातून फार काही कळत नाही. पण तोच रकाना वर्षभर बघितला, आणि किमान दर सर्वसाधारण दराच्या जवळ जवळ येताना दिसला, तर चांगल्या मालालाही तळाचा भाव मिळू लागला असा संशय घ्यायला जागा असते. दोन्हींतले अंतर वाढत गेले तर मालात प्रतवारीचा फरक वाढला आहे का, चाळीत साठवलेला कांदा खराब होऊ लागला आहे का, हे विचारायला हवे. शीटमध्ये एफ रकाना उघडून =ई२-सी२ लिहायचे आणि खाली ओढायचे, इतक्यात हे अंतर दिसू लागते. तिसऱ्या प्रकरणाचा बहुतांश भाग या अंतराला दिला आहे, आणि मला ते प्रकरण सर्वांत महत्त्वाचे वाटते.

पण तिथवर जाण्याआधी आकडे शाबूत हवेत. किमान दराच्या रकान्याला तीन रोग लागतात आणि तिन्ही वेगळ्या स्वभावाचे आहेत.

पहिला शून्याचा. सणाची सुट्टी, साप्ताहिक सुट्टी, व्यापाऱ्यांचा बंद, अशा दिवशी लिलाव होत नाहीत. नोंद करणारा मुलगा किंवा मुलगी प्रामाणिकपणे त्या दिवसासमोर ० टाकते, कारण रकाना रिकामा ठेवला तर साहेब विचारतील की हे भरायचे राहिले का. मिन त्या शून्याला आकडा समजते, कारण तो आकडाच आहे, आणि महिन्याचा किमान दर शून्य रुपये सांगते. रिकामा सेल मिन सोडून देते. शून्य सोडत नाही. बाजार बंद होता आणि कांदा फुकट गेला, या दोन गोष्टींत जो फरक आहे तोच रिकाम्या सेलमध्ये आणि शून्यात आहे. जुन्या फायलींत शून्ये भरलेलीच असतील तर =मिनइफ्स(सी२:सी३२,सी२:सी३२,">०") हे सूत्र शून्य वगळून किमान देते. एक्सेल २०१९ पासून ते मिळते. गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिसमध्येही आहे. मात्र ही युक्ती तापमानाच्या रकान्यावर डोळे मिटून लावू नये. लेहच्या हिवाळ्यात शून्य अंश हे खरे तापमान असते आणि उणे सात हे उणे तीनपेक्षा लहान असते. तिथे शून्याहून मोठेच आकडे घ्या असे सांगितले तर गोठवणाऱ्या सगळ्या रात्री हिशेबातून निघून जातील. कुठले शून्य खरे आणि कुठले रिकामपणाचे, हे फंक्शनला कळत नाही. ते कांदा विकणाऱ्याला आणि थंडी सोसणाऱ्याला कळते.

याच्याशीच जोडलेली एक बारीक गोष्ट. रकान्यात एकही आकडा नसेल तर मिन उत्तर म्हणून ० देते. मिनइफ्सलाही अटीत बसणारे काही सापडले नाही तर तेही ० देते. म्हणजे उत्तरात शून्य दिसले की दोन शक्यता तपासायच्या: खरोखर कुठे शून्य आहे, की काहीच नाही.

दुसरा रोग मजकुराचा, आणि तो जास्त घातक आहे, कारण शून्य निदान डोळ्यांत खुपते. संकेतस्थळावरून किंवा पीडीएफमधून दर उचलून शीटमध्ये चिकटवले की काही आकड्यांबरोबर न दिसणारी मोकळी जागा येते, कुठे ‘रु.’ चिकटलेले येते. माणसाला ते ५५० दिसते. संगणकाला तो शब्द वाटतो. रकान्यातला शब्द मिन रिकाम्या सेलसारखाच गुपचूप ओलांडते. समजा महिन्यातला खरा किमान दर ५५० होता आणि तोच सेल मजकूर होऊन बसला. मिन शांतपणे ७०० सांगेल. चूक झाल्याची सूचना नाही, लाल खूण नाही, आणि ७०० हा अगदी पटण्यासारखा आकडा आहे. कोणाला संशय येण्याचे कारणच नाही.

ओळखण्याची खूण आहे. सेलमध्ये आकडा उजव्या कडेला चिकटतो आणि मजकूर डाव्या कडेला. एक्सेल कधी कधी अशा सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोणही दाखवते. पण तक्ता देखणा दिसावा म्हणून आपण सगळा मजकूर मध्यभागी घेतो, आणि ही फुकटची खूण स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. माझा आग्रह आहे की काम चालू असेपर्यंत आकडे मध्यभागी घेऊ नयेत. छापायच्या वेळी हवे तर घ्यावेत. आणि खात्रीचा उपाय म्हणजे दोन मोजण्या. =काउंट(सी२:सी३२) फक्त आकडे मोजते, =काउंटए(सी२:सी३२) जे काही भरलेले आहे ते सगळे मोजते. दोन्ही उत्तरे सारखी आली तर मिनवर विश्वास ठेवा. पहिले २६ आणि दुसरे २८ आले तर दोन सेल आकड्यांच्या वेषात बसलेले आहेत. त्यांना शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. या दोन सूत्रांची सवय लागली तरी या पुस्तिकेचे निम्मे काम झाले.

तिसरा रोग बोटांचा. १६५० लिहिताना शेवटचे शून्य सुटते आणि १६५ होते. किंवा एखादा दर क्विंटलऐवजी किलोचा म्हणून १६.५० असा येतो. इथे मिन स्वतःच वैद्य आहे. ३० नोंदींच्या रकान्यात १६५० चे १६५ झाले तर सरासरी फक्त ४९ रुपये ५० पैशांनी खाली येते, आणि बाजार रोज एवढा हलतोच. कोणी वळून बघणार नाही. मिन मात्र तो १६५ तडक वर आणून ठेवते. त्यामुळे कोणतीही नवी फाईल हातात आली, कोणाचीही असो, तिच्या प्रत्येक रकान्याखाली आधी मिन आणि मॅक्स लावून बघावे असे मी माझ्या वर्गांत सांगत आलो आहे. उत्तर शोधण्यासाठी मिन वापरणारे पुष्कळ आहेत; भरलेले आकडे तपासण्यासाठी ते वापरणारे फार थोडे.

चुकीच्या सूत्रामुळे एखाद्या सेलमध्ये आलेली त्रुटीची खूण हा वेगळा प्रकार. ती एक असली तरी मिन उत्तर देत नाही, त्रुटीच पुढे करते. अशा वेळी =ॲग्रिगेट(५,६,सी२:सी३२) हे एक्सेल २०१० पासूनचे फंक्शन उपयोगी पडते. त्यातले ५ म्हणजे किमान आणि ६ म्हणजे त्रुटी वगळा. पण त्रुटी का आली हे आधी बघावे, मग वगळावी.

पुष्कळ जण हे सगळे टाळतात आणि रकाना सॉर्ट करून वरचा आकडा वाचतात. आकडा बरोबरच मिळतो. पण फक्त सी रकाना निवडून सॉर्ट केले आणि शेजारचे रकानेही घ्यायचे का या प्रश्नाला घाईत नाही म्हटले, तर दर खाली-वर होतात आणि तारखा जागच्या जागी राहतात. ३ तारखेचा दर १९ तारखेसमोर जाऊन बसतो. फाईल सेव्ह करून बंद केली की ही मोड परत आणता येत नाही, आणि तक्ता बघून ती कोणाला समजतही नाही. प्रत्येक दर खरा, प्रत्येक तारीख खरी, फक्त जोड्या खोट्या. मिन रकान्याला हात न लावता उत्तर देते. सॉर्टिंगपेक्षा ते सुरक्षित आहे ते यामुळे.

सॉर्ट करणाऱ्याचा हेतूही समजण्यासारखा असतो. त्याला नुसता आकडा नको असतो, तो कोणत्या दिवशीचा हे हवे असते. त्यासाठी =इंडेक्स(ए२:ए३२,मॅच(मिन(सी२:सी३२),सी२:सी३२,०)) असे सूत्र आहे. आतून बाहेर वाचावे: मिनने आकडा सांगितला, मॅचने तो कितव्या ओळीत आहे ते शोधले, इंडेक्सने त्या ओळीतली तारीख आणली. उत्तर ४५२६८ असे विचित्र आले तर घाबरू नये. एक्सेल तारखा दिवसांच्या क्रमांकाने साठवते, १ जानेवारी १९०० हा दिवस १. सेलचे स्वरूप तारखेचे केले की तिथे ८ डिसेंबर २०२३ दिसेल. आणि तोच किमान दर दोन दिवशी निघाला असेल तर हे सूत्र फक्त वरच्या ओळीतला दिवस देते, दुसऱ्याचा उल्लेखही करत नाही.

८ डिसेंबर २०२३ ही तारीख मी सहज घेतलेली नाही. त्या दिवसापासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले होते आणि ऑक्टोबरअखेर प्रति टन ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. बंदी उठली ती ४ मे २०२४ रोजी. अशा निर्णयाचा बाजारावर काय परिणाम झाला हे सांगताना सभांमध्ये आकडे मोठ्याने बोलले जातात. ज्याच्याकडे रोजच्या दरांची शीट आहे त्याला आवाज चढवावा लागत नाही. =मिनइफ्स(सी२:सी३६६,ए२:ए३६६,">="&डेट(२०२३,१२,८)) हे बंदीनंतरचे किमान, आणि चिन्ह उलटे करून बंदीआधीचे. त्याच अटी सर्वसाधारण दराला लावून तेही शेजारी मांडावे, म्हणजे खादचा एखादा पिकअप सगळ्या बाजाराच्या नावाने बोलणार नाही. अट एवढीच, की ए रकान्यातल्या तारखा खऱ्या तारखा असाव्यात. सरकारी कागदांच्या सवयीने आपण ०८.१२.२०२३ असे टिंब देऊन लिहितो. बहुतेक संगणकांवर ती तारीख मजकूर म्हणून बसते आणि अटीत सापडतच नाही.

मिनचा एक वेगळाच उपयोग शेवटच्या प्रकरणात आहे, आणि कार्यालयात काम करणाऱ्यांना कदाचित तोच सर्वांत जास्त लागेल. शासन निर्णयांत एक वाक्य वारंवार येते: प्रत्यक्ष खर्चाच्या अमुक टक्के किंवा अमुक रक्कम, यापैकी जे कमी असेल ते. समजा कांदाचाळीच्या एखाद्या योजनेत खर्चाच्या ५० टक्के किंवा ८७,५०० रुपये, यापैकी कमी ते अनुदान द्यायचे आहे. बी रकान्यात खर्च असेल तर =मिन(बी२*५०%,८७५००). खर्च १,६०,००० असेल तर ८०,००० येतात. २,१०,००० असेल तर निम्मे १,०५,००० होतात, पण सूत्र ८७,५०० वर थांबते. इथे नवख्यांचा हमखास घोटाळा होतो. कमाल मर्यादा म्हटले की हात मॅक्सकडे जातो. पण वरची मर्यादा घालणारे फंक्शन मिन आहे आणि खालची मर्यादा राखणारे मॅक्स. मॅक्स लिहिले तर पहिल्या शेतकऱ्याला ८७,५०० आणि दुसऱ्याला १,०५,००० मंजूर होतील, आणि लेखापरीक्षणात दोन्ही रकमा वसुलीला निघतील. भरडला जाईल तो शेतकरी. एका शब्दाच्या अदलाबदलीने असे होऊ शकते, म्हणून त्या प्रकरणातली उदाहरणे मुद्दाम कंटाळा येईपर्यंत दिली आहेत.

ही पुस्तिका ज्यांच्यासाठी आहे ते शेतकरी उत्पादक कंपन्यांत, विकास सोसायट्यांत, ग्रामपंचायतींत आणि शाळांच्या कार्यालयांत संगणकासमोर बसणारे लोक आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना एक्सेल कोणी रीतसर शिकवलेले नाही; शेजारच्याचे बघून, विचारून त्यांनी ते हस्तगत केले आहे, आणि गावाचा, गटाचा हिशेब आज त्यांच्यावर उभा आहे. त्यांना सूत्रे कमी पडत नाहीत. सूत्राने दिलेले उत्तर कुठून आले हे तपासण्याची फुरसत आणि तशी मुभा त्यांना क्वचित मिळते. वरिष्ठ आकडा मागतात आणि तो लगेच मागतात. त्या घाईतही करता येतील अशाच तपासण्या इथे निवडल्या आहेत.

पहिल्या प्रकरणाच्या सुरुवातीला ३१ दिवसांचा एक सरावाचा तक्ता आहे. त्यातले दर नमुन्याचे आहेत, कुठल्याही बाजार समितीचे नाहीत. तो आपल्या हाताने, जसा छापला आहे तसा, टाइप करून घ्यावा. छापील तक्त्यात जिथे ‘रु.’ आहे तिथे ‘रु.’ आणि जिथे शून्य आहे तिथे शून्यच घालावे. मग सी३३ मध्ये मिन, सी३४ मध्ये काउंट आणि सी३५ मध्ये काउंटए लिहावे. तिन्ही उत्तरे कागदावर टिपून घ्यावीत आणि त्यानंतरच पान उलटावे.